नवऱ्याला चहाला पाठवणाऱ्या बाई

माझा मुलगा माझ्याजवळ राहिला तो केसपेपरवाल्या बाईंमुळे. हे आधी लिहून टाकते, कारण मी सातवीत शाळा सोडलेली. पुढचं नीट मांडता येईल की नाही, धास्ती वाटते.

नाशिकच्या एका दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरांच्या दाराशी बाईंचं टेबल असे. आधी हकिकत त्या लिहून घेत. बाईमाणूस आजारी असली की हकिकत नवराच सांगायचा, अशी तिथली रीत. बाई तेवढी ती रीत मोडायच्या.

सत्त्याण्णव साल. बाळंत होऊन चार महिने झालेले. मी बोलेनाशी झाले होते, दोनदा दूध जाळलं होतं. नवरा म्हणाला, "हिचं डोकं फिरलंय. वेडी आहे असा कागद द्या." त्या कागदावर त्याला दुसरी बायको करायची होती आणि मुलगा ठेवून घ्यायचा होता.

"भाऊ, आजारी कोण?" बाईंनी विचारलं.

"ही."

"मग तुम्ही चहा पिऊन या."

तो गेल्यावर त्यांनी डोक्याचं काही विचारलंच नाही. "झोपतेस कुठं? जेवतेस कितवी?" मी सांगितलं, दाराशी झोपते, पोरगं रडलं की अंगणात जायचं, सासूचा हुकूम. जेवण सगळ्यांमागून, उरलं तर. बाईंनी माझ्याच शब्दांत उतरवलं. म्हणाल्या, "वेड मागून बघू. आधी झोप बघू."

आतून डॉक्टर हसले, "बाई, एक दिवस तुम्ही नवऱ्यांनाच भरती कराल."

"खाटा पुरायच्या नाहीत, साहेब."

वेडाचा कागद मिळाला नाही. गोळ्या मिळाल्या, आणि हरसूलला आईकडं महिनाभर झोप काढायला सांगितलं. नवऱ्यानं दुसरी केलीच. वर कोर्टात मुलगा मागितला, मी वेडी म्हणून. तेव्हा बाई तो केसपेपर घेऊन साक्षीला आल्या. त्याचा वकील म्हणाला, "तुम्ही घरं मोडता." बाई म्हणाल्या, "मी फक्त हिला विचारलं." मुलगा मला मिळाला.

बाईंचं टेबल मात्र गेलं. नवऱ्यानं तक्रार केली, त्यांना औषधांच्या गोदामात बसवलं. गोळ्या आणायला गेले तर टेबलाशी नवा माणूस होता. नवरे बोलत होते, बाया खाली बघत होत्या. मीही गप्प राहिले. पोरगं कडेवर होतं, भ्याले. ते अजून टोचतं.

आता अकरा वर्षं झाली, मी सुरतेत साड्यांना टिकल्या लावते. मुलगा सहावीत आहे. बाई निवृत्त झाल्या, एकट्या राहतात, गुडघे गेलेत, असं कळलं. बाई, याची दहावी होऊ द्या. मग नाशिकला येऊन तुमच्या शेजारी खोली घेते. तुम्ही नको म्हणालात तरी तुमचं उठणंबसणं माझ्याकडं.