मशीनमध्ये दोघे होते

"शेवटच्या महिन्यात सुभेदारांची बुद्धी त्यांना सोडून गेली होती. एकच आज्ञा ते दिवसभर संगणकाला देत राहत आणि भेटायला येणाऱ्याला सांगत, मशीनमध्ये दोघे जण आहेत. ते दिवस आपण विसरून जाऊ आणि त्यांचा उमेदीचा काळ तेवढा आठवू."

पंधरवड्यापूर्वी याच पुरवणीत छापून आलेल्या भाषणातला हा उतारा. भाषण श्री. विलासराव यांचे. तासगावजवळच्या ज्या गावात माझा मित्र सुभेदार धोंडीराम खराडे राहिला आणि वारला, त्या गावचे ते मोठे बागायतदार, बेदाण्याच्या सहा शेडचे मालक. गृहस्थ सज्जन आहेत. कोणाच्याही दुःखात सर्वांआधी पोचतात. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत आलेले पाणीही खोटे नव्हते. तरीसुद्धा वरच्या उताऱ्यातले पहिले वाक्य असत्य आहे, दुसऱ्याचा अर्थ त्यांना कळलेला नाही, आणि तिसऱ्यातला सल्ला मी पाळणार नाही. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. मला कोणाची भीड उरलेली नाही, आणि धोंडीरामच्या त्याच महिन्याविषयी मला लिहायचे आहे.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या घरी दाढी करीत होतो. शालनवहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, स्वतः फोन केला. "भावजी, ह्ये गेलं सकाळी. च्या मागितला, आन् च्या हुईस्तवर..." मग निराळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुमी या. लोक आत्ताच कायबाय बोलाय लागल्यात. येडं झालं हुतं म्हणत्यात." अर्ध्या गालाला साबण तसाच होता. नवऱ्याचे प्रेत अजून घरात, आणि या बाईला काळजी त्याच्या डोक्याच्या अब्रूची. साताऱ्याला जाईपर्यंत आणि तिथून पुढे तासगावच्या एसटीत मी तेच एक वाक्य ऐकत होतो.

आम्ही दोघे लष्करात बिनतारी संदेशाच्या कामावर होतो. तिथे पहिल्या आठवड्यात जे शिकवतात ते धोंडीरामने जन्मभर सोडले नाही: पलीकडून उत्तर आले म्हणून हुरळून जाऊ नये, तू कोण आणि कुठून बोलतोस, हे आधी विचारावे. एका उंच ठाण्यावर आम्ही असताना आमच्या प्रत्येक संदेशाला "मिळाला" असे चोख उत्तर येत होते, आणि पुढच्या चौकीवरून उतरून आलेला जवान शपथेवर सांगत होता, तीन दिवसांत एक अक्षर पोचलेले नाही. साहेबांनी चौकीवरच्या ऑपरेटरला कामचुकार ठरवले. त्याच्या शिक्षेचा कागदही तयार झाला. धोंडीराम पुढे होऊन म्हणाला, "साब, जवाब कौन दे रहा है, ये किसीने पूछा नहीं." मग त्याने आमच्या तंबूतल्या सेटवर बसून विचारले. उत्तर देणारे होते डोंगरापलीकडचे आपलेच दुसरे ठाणे. ते प्रामाणिकपणे "मिळाला" म्हणत होते, कारण त्यांना मिळतच होता. चौकीवालाही खरे बोलत होता. दोघांना एक समजून आम्हीच भांडत बसलो होतो. शिक्षेचा कागद फाटला, आणि तो ऑपरेटर पुढे कित्येक वर्षे दिवाळीला धोंडीरामला पत्र लिहीत असे.

निवृत्तीनंतर मी गणित शिकवू लागलो आणि तो द्राक्षाच्या बागेत उतरला. मी त्यातले काही विचारले की तो हसे. "तू पडलास सातारकर. तुला दराक्षं खायची म्हाईत, वाळवायची न्हाईत." वाळवण्याचे शास्त्र मला त्याच्याकडूनच कळले. घड द्रावणात बुडवून काढतात, शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात आणि बारा-पंधरा दिवस वाऱ्यावर ठेवतात. तेवढ्यात ओलसर हवा शिरली तर सोनेरी व्हायचा बेदाणा काळा पडतो. म्हणून शेडच्या बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे गुंडाळून ठेवलेले असतात. पाऊस येण्याच्या आत ते सोडायचे. फार लवकर सोडले तर वारा कोंडतो, उशीर झाला तर वर्षाचा माल हातचा जातो. हा अंदाज प्रत्येक जण आभाळाकडे बघून बांधत असे. धोंडीरामला ते पटत नव्हते.

त्याचा पुतण्या अभिजित पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्याने आपला जुना लॅपटॉप काकांना दिला आणि पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेचे पहिले चार धडे शिकवले. तेव्हा धोंडीराम बहात्तर वर्षांचा होता. पुढचे धडे त्याने स्वतः गिरवले, वहीत उतरवून, चुका तांबड्या शाईने खोडून. वर्षभरात त्याने शेडमध्ये हवेतला ओलावा आणि वारा मोजणारे छोटे यंत्र बसवले, त्याची वायर लॅपटॉपला जोडली, आणि ओलावा व वारा ठराविक रीतीने बदलू लागले की गावातल्या एकतीस शेडमालकांच्या मोबाईलवर आपोआप संदेश जाईल असा प्रोग्राम लिहिला. संदेश बिनतारी शिस्तीचा, एक शब्द जास्त नाही: "पडदे सोडा. खराडे." बत्तिसावा नंबर माझा होता. मी म्हणालो, मला कुठे शेड आहे? "नसू दे. कुनीतरी नुसतं ऐकणारं पायजे का नगं, गड्या?" दोन हंगाम त्या संदेशावर गावाने पडदे सोडले. त्यात विलासरावांच्या सहा शेडही होत्या.

आता त्या महिन्याकडे येतो. संक्रांतीला अभिजित गावी आला होता. स्वतःच्या कामासाठी त्याने त्याच लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती बसवली आणि काम आटोपून पुण्याला निघून गेला. त्यात त्याचा दोष नाही. मात्र दुसऱ्या दिवशी धोंडीरामचा प्रोग्राम सुरू होईना. ओलाव्याच्या यंत्राशी बोलण्यासाठी एक तयार पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रामचा भाग, लागते. ते सापडत नाही, असे पडद्यावर येऊ लागले. म्हणून त्याने ते पुन्हा बसवण्याची आज्ञा दिली. उत्तर आले, पॅकेज आधीच बसवलेले आहे. प्रोग्राम चालवला, पॅकेज सापडत नाही. पुन्हा आज्ञा दिली. आधीच बसवलेले आहे. द्राक्षे जाळ्यांवर पडायला लागली होती, आणि हंगामाचा पहिला ढग कधीही येऊ शकत होता. तो सकाळी बसे, दुपारी बसे, तेच तेच टाईप करी आणि दर वेळी उत्तर वहीत लिही. हृदय आधीच थकलेले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली. भेटायला येणाऱ्यांना दिसला तो एवढाच देखावा, की एक आजारी म्हातारा एकच आज्ञा शंभर वेळा देतो आहे. अभिजितनेही पुण्याहून फोनवर सांगितले, "काका, पॅकेज आहे की त्यात. उगाच परत परत नका करू. मी पाडव्याला आलो की बघतो." पाडव्यापर्यंत निम्मा बेदाणा वाळून उतरलेला असतो, हे पुण्यात बसून त्याला कसे सुचावे?

इथे मला माझ्याविरुद्धही एक साक्ष द्यायची आहे. त्या दिवसांत धोंडीरामने मलाही फोन केला. म्हणाला, "नाना, ह्यो म्हणतोय हाय, त्यो म्हणतोय न्हाई. आन् दोघंबी खरं बोलत्यात." मी विचारले, "धोंडीराम, औषधं वेळच्या वेळी घेतोस ना?" तो शांतपणे म्हणाला, "तूबी व्हय रं?..." आणि त्याने फोन ठेवला. चाळीस वर्षांत त्याने माझ्याशी बोलताना फोन मध्येच ठेवल्याची ही एकच वेळ. त्या तंबूत मी त्याच्या शेजारी बसलेला होतो. "दोघंही खरं बोलतात" या शब्दांचा अर्थ जगात कोणाला कळायला हवा होता तर तो मला, आणि मी त्याला गोळ्यांचे विचारले. विलासरावांवर मी रागावतो तेव्हा त्यातला निम्मा राग कोणावर असतो, हे मला ठाऊक आहे.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. रुसवा नाही, काही नाही. आवाज पंचविशीतला. "नाना, मशीनमध्ये दोघं हायत! आपल्या त्या ठाण्यावानी!" आणि त्याने मला सगळे समजावले. संगणकात जुना पायथन होता तसाच राहिला होता आणि त्याच्या शेजारी नवा येऊन बसला होता. प्रोग्रामच्या चित्रावर टिचकी मारली की तो उघडत होता नव्या पायथनमध्ये. पॅकेज बसवण्याची आज्ञा टाईप करायच्या काळ्या खिडकीत दिली की ती जात होती जुन्याकडे. जुन्याजवळ पॅकेज होते, म्हणून तो "आहे" म्हणे. नव्याजवळ नव्हते, म्हणून तो "नाही" म्हणे. एकाला आज्ञा देऊन उत्तर दुसऱ्याकडून घेत राहिलो, असे तो म्हणाला. कसे सापडले म्हणून विचारले तर त्याला आश्चर्य वाटले. "कसं म्हंजी? इचारलं की! दोघास्नी येगयेगळं इचारलं, तू कोण, कुठनं बोलतूयास. दोघांनी येगयेगळा पत्ता दिला." उपाय मग सरळ होता: जो पायथन प्रोग्राम चालवतो, त्याच्याच नावाने हाक मारून त्यालाच पॅकेज बसवायला सांगायचे. त्याने तसे सांगितले आणि प्रोग्राम पहिल्या फटक्यात सुरू झाला. लॅपटॉपच्या वर भिंतीवर त्याने चिठ्ठी चिकटवली: "आधी विचार, कोण बोलतंय." खाली ती आज्ञा आणि सही. मग वहिनींना हाक मारून म्हणाला, "शालन, शिरा कर." आजारी माणसाला शिरा कशाला, असे त्या म्हणाल्या. तर म्हणे, "मला न्हाई, तुला."

त्या शिऱ्यानंतर अकराव्या दिवशी तो गेला. त्या अकरा दिवसांत आभाळ लख्ख होते, वारा कोरडा होता. संदेश जाण्याचे कारणच पडले नाही. प्रोग्राम जागा होता आणि नियमाप्रमाणे गप्प होता. गावाला वाटले, म्हाताऱ्याचे यंत्र बंद पडले ते पडलेच. त्यात भर म्हणजे भेटायला आलेल्या प्रत्येकाला तो आनंदाने सांगत होता की मशीनमध्ये दोघं हायत. ऐकणारे एकमेकांकडे बघत आणि हळूच उठत. त्याला ते कळत होते, असे वहिनी सांगतात. तो एवढेच म्हणाला, "ढग यीवू दे."

तेराव्या दिवशी दुपारी त्याच्याच शेडपुढच्या अंगणात शोकसभा झाली. आत जाळ्यांवर त्याच्या हातचा शेवटचा माल अजून वाळत होता. विलासराव दोन ठराव मांडणार होते, ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितले: सुभेदारांच्या नावाची पाटी चौकात लावावी, आणि त्यांचे यंत्र सन्मानाने काढून ठेवावे, कारण भ्रमात गेलेल्या माणसाने अखेरीस त्यात काय करून ठेवले असेल याचा भरवसा नाही. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी मध्येच उठून म्हणालो, यंत्राला हात लावायचा नाही. कोणीतरी मागून म्हणाले, "आवं, बसा की सातारकर, माणसानं बोलायचं का न्हाई?" मी बसलो. माझ्याजवळ त्या क्षणी पुरावा नव्हता, नुसता एक फोन होता, आणि त्या फोनच्या आधीचा एक फोन.

आता काही जण म्हणू लागले आहेत की प्रोग्राम अभिजितने पुण्याहून दुरुस्त केला असणार. अभिजित त्या सभेत माझ्या शेजारी होता. नंतर आम्ही दोघे लॅपटॉपपुढे उभे राहिलो. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि खाली मान घालून म्हणाला, "नाना, मी संक्रांतीनंतर याला हात लावलेला नाही. मला वाटलं होतं, काकाच चुकतायत." हे त्याने कोणालाही सांगायची तयारी दाखवली आहे. चिठ्ठी अजून तिथेच आहे. वहिनी रोज त्या टेबलावरची धूळ पुसतात, पण लॅपटॉप झाकत नाहीत.

छापून आलेले भाषण पूर्ण आहे. प्रत्यक्षात ते पूर्ण झाले नाही. सभेत विलासराव "ते दिवस आपण विसरून" इथवर आले होते. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि आभाळात माझ्या डोळ्यांना तरी काही दिसत नव्हते. त्या वेळी अंगणातले फोन एकदम वाजले, माझाही वाजला. विलासरावांनी खिशातून आपला काढला, "पडदे सोडा. खराडे." एवढे वाचले, आणि वाक्य तसेच टाकून ते आपल्या शेडकडे धावत सुटले.