सुभेदार साहेब हात वर करतात

सुभेदार साहेब पुन्हा पाण्याशी भांडायला लागले, तशी मी शिट्टी वाजवली.

"काठाला पोचलो असतो की, मॅडम."

"पोचायचं नाहीये, साहेब. नुसतं पडून राहायचंय."

मी दिल्लीत आर. के. पुरमच्या एका पूलवर स्विमिंग कोच आहे. साहेब साताऱ्याकडचे, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले. फौजेतून रिटायर होऊन दिल्लीतच राहिले होते. आता मुलीकडे ऑस्ट्रेलियाला चालले होते आणि तिथे त्यांना सर्फिंग शिकायचं होतं, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं. मुलीने मला फोनवर बजावलं होतं, "ताई, तुम्ही हो म्हणालात तरच बाबांना समुद्रात उतरू देईन." मी हो म्हणायचं आणि तिकडे काही झालं तर?

बोर्डवरून पडतात सगळेच. मला धास्ती होती रिपची. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जातं, ती रिप. तिच्यात सापडलं की किनाऱ्याकडे जोर लावायचा नाही. बोर्डवर पडून राहायचं आणि एक हात वर करायचा. लाइफगार्ड येतो. कच्चा पोहणारा घाबरून बोर्डला चिकटतोच. पक्का मात्र बोर्ड सोडून हात मारत सुटतो आणि दमतो. आमचे साहेब चांगलेच पक्के होते.

पूलमध्ये सरावाचा बोर्ड धरून राहणं हळूहळू जमलं. हात काही वर जाईना.

"फौजी हात वर करत नसतो," साहेब म्हणाले.

त्यांच्या मिसेस काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरी तरी कुठे करतात? गुडघा धरून जिना चढतील, पण मला हाक मारायचे नाहीत."

आमचे मॅनेजर वैतागले. "मॅडम, बंदा इतना अच्छा तैरता है. पास करो, यार."

"सर, समंदर में ऐसे ही लोग डूबते हैं," मी म्हटलं आणि साहेबांकडे वळले. "पोस्टवर माणसं कमी पडली तर काय करायचात?"

"वायरलेसवर कुमक मागवायचो."

"लाज नाही वाटायची?"

"लाज कसली त्यात? नाही मागवली तर पोरं मरतात."

मग पाण्यातून त्यांचा हात वर आला, कोपरापर्यंतच. पूर्ण सरळ व्हायला आणखी बरेच दिवस गेले. मी मुलीला हो कळवलं, पण ते विमानात बसल्यापासून माझं कशात लक्ष लागेना.

एके दुपारी तिचा फोन आला. "ताई, बाबा आज रिपमध्ये ओढले गेले."

"आणि?"

"बोर्डवर पडून हात वर करून होते. लाइफगार्डने आणलं. ठीक आहेत एकदम."

मी तिथेच ओल्या लादीवर बसले. मला हसू येत होतं. साहेबांनी फोन घेतला.

"मॅडम, खरं सांगतो, आधी थोडा जोर लावला होता मी."

"माहीत आहे, साहेब. बोर्डवर उभे राहिलात का?"

"उद्या बघू."

घाबरत पूलवर येणाऱ्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. 'मला येतं पोहता' म्हणत जो येतो, त्याच्यावरून मात्र मी नजर हलवत नाही.