अर्धी मांजर फळीवर

टोकनमावशींचं राज्य एका खिडकीएवढं होतं. तलावाच्या फाटकातून आत आलं की डाव्या हाताला ती खिडकी, खिडकीत मावशी, मावशींच्या मागे लाकडी फळ्या आणि फळ्यांवर पोहायला आलेल्यांच्या पिशव्या. पिशवी द्यायची, आकडा घातलेली प्लास्टिकची चकती घ्यायची, पोहून आलं की चकती देऊन पिशवी घ्यायची. एवढाच कारभार. पण एवढ्या देण्याघेण्यात मावशी माणसाची अख्खी खबरबात काढून घेत. टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभ्या असलेल्या माणसाला सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो असं विचारलं, की तो खरं तेच सांगतो; थापा मारायला अंगात निदान शर्ट तरी लागतो, असं त्यांचं मत होतं.

स्वतः मावशी मात्र पाण्याच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. पाणी प्यायला, अंघोळीला आणि लादी पुसायला. त्यापलीकडे त्यांची आणि पाण्याची ओळख नव्हती. तलावावर उभी हयात काढून त्यांनी त्याचं पाणी घोट्याच्या वर येऊ दिलं नव्हतं. कुणी चिडवलंच तर विचारायच्या, सगळेच आत गेले तर पिशव्या कोण बघणार?

तर या राज्यावर संकट आलं ते एका विजारीमुळे.

सुट्टीतली नवशिक्या पोरांची बॅच नुकतीच सुरू झाली होती. चकत्यांवरचे आकडे क्लोरीनने इतके फिके पडले होते की मावशी ते बोटांनी चाचपून ओळखत. पोरांना तर आकडे ठळक असते तरी काय फरक पडणार होता म्हणा. चकत्यांची अदलाबदल झाली, मग पिशव्यांची झाली आणि एक चिरंजीव दुसऱ्याच्याच विजारीत घरी गेले. विजार ढगळ होती. ती भर रस्त्यात कशी आणि कुणासमोर सुटली, याचं साग्रसंगीत वर्णन त्याच्या वडिलांनी व्यवस्थापकांच्या टेबलासमोर हातवाऱ्यांसकट करून दाखवलं.

व्यवस्थापकांना सगळे मुद्देसाहेब म्हणत. ते कुठलंही बोलणं 'मुद्दा क्रमांक एक' म्हणून सुरू करत आणि त्या एकातच असे रमत, की त्यांचा दुसरा मुद्दा आजवर कुणी ऐकलेला नव्हता. या वेळचा मुद्दा क्रमांक एक असा होता, की खिडकी बंद करून तिथे कुलपाची लोखंडी कपाटं बसवावीत, ज्याची किल्ली त्याने सांभाळावी आणि मावशींनी तळघरात टॉवेल धुवायच्या यंत्रापाशी जाऊन बसावं. बॅच संपेपर्यंत त्यांनी मुदत दिली. मधे एक जरी विजार चुकली, तरी कपाटं.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्राला ना सासू, ना गुडघा. त्याला विचारणार काय?

त्या रडगाणं गायला पंपाच्या खोलीत गेल्या. तिथे पंपदादा तलावाचं पाणी गाळत बसलेला असे. दिवसभराच्या घरघरीत त्याला ओरडून बोलायची सवय लागली होती, आणि गुपितसुद्धा तो पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं सांगे. पोरांना आकडे कळत नसतील तर चित्रं काढून द्या की, असं तो केकाटला आणि बसायला एक पोतं पुढे सरकवलं. पोतं टोचलं. आत गोटे होते, गाळणीच्या तळाशी घालून उरलेले. लिंबाएवढे, बटाट्याएवढे, हाताला गुळगुळीत. मावशींनी एक उचलला. तो मुठीत असा बसला, की खाली ठेववेना.

बेत सोपा होता. गोट्यांच्या एकसारख्या जोड्या रंगवायच्या. एक गोटा फळीवर पिशवीपाशी, दुसरा पोराच्या हातात. अडचण एकच, मावशींना चित्र येत नव्हतं. शाळेत त्यांनी काढलेल्या गायीला बाईंनी टेबल समजून पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

रंगांच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "मावशी, रंगवल्यावर पाणी लागणार आहे का?"

"दगडाला पाणी कशाला घालू? झाड आहे का ते?"

त्या बिचाऱ्याने शाळेतल्या पोरांचे साधे, पाण्यात कालवायचे रंग दिले. सगळा जन्म तलावावर गेलेली बाई हे बोलली, कारण तलाव तिने नेहमी कोरड्या बाजूनेच पाहिला होता.

पहिला गोटा मावशींनी धुतला आणि ओलाच रंगवला. रंग दुधावरच्या सायीसारखा घसरून बोटाला आला. मग त्यांनी कानाला खडा लावला. आधी साबणाने घासायचा, उन्हात ठणठणीत वाळवायचा, पांढऱ्या रंगाचा एक हात मारायचा, तो सुकला की मग खरा रंग. चित्र आपण ठरवायचं नाही, गोटाच सांगतो. वाटोळा असला की लाल अंग, काळं डोकं, मधे एक रेघ आणि काडीपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने ठिपके, की झाला ठिपकेवाला किडा. लांबट असला की मासा. तिकोनी असला की कलिंगडाची फोड, बिया पुन्हा त्याच काडीने. आणि अगदीच वेडावाकडा असला तर बेडूक, कारण बेडूक देखणा असावा अशी कुणाची अपेक्षा नसते. डोळ्यांच्या बाबतीत मात्र शिस्त कडक. आधी पांढरा ठिपका, तो पुरता वाळला की त्यात काळा, आणि फुंकर अजिबात मारायची नाही. मावशींनी घाईने फुंकलेलं पहिलं घुबड एका डोळ्याने खिडकीकडे आणि एकाने छपराकडे बघत राहिलं.

पोरांनी गोटे पाहिले आणि घ्यायला साफ नकार दिला. त्यांना आपापले रंगवायचे होते. मग पोहणं झालं की केस वाळेपर्यंत पत्र्याच्या शेडखाली रंगकाम सुरू झालं. न्यायला आलेले आईबाप घड्याळं बघत ताटकळत आणि पोरं त्यांना, डोळा ओला आहे, असं डॉक्टरांच्या थाटात सांगून थोपवत. एकाने अख्खा गोटा काळा केला आणि ही रात्र आहे म्हणाला. एकीच्या राक्षसाला डोळेच डोळे होते, तोंडाला जागाच उरली नाही. विजारवाल्या चिरंजिवांना मगर काढायची होती. ती एका गोट्यावर मावेना, म्हणून त्याने तोंड एकावर आणि शेपूट दुसऱ्यावर काढली. हे पाहिल्यावर सगळ्यांनाच अर्ध्या-अर्ध्या गोष्टी हव्या झाल्या. पुढचा अर्धा आपल्याकडे, मागचा फळीवर. दोन्ही जुळले की पिशवी आपली. मावशींना वाटलं, आता चुकायची काय बिशाद.

मांजर काढली दांडीबाईने. ही बॅचमधली सगळ्यात लहान मुलगी. पाण्यात उतरली की काठाची स्टीलची दांडी धरायची, ती तास संपेपर्यंत. तोंडाला पाणी लागू द्यायची नाही. शिकवणाऱ्या शिट्टीसरांनी हात टेकले होते. ते दातात शिट्टी धरूनच बोलत, त्यामुळे ओठ मिटायची सोय नव्हती आणि त्यांच्या बोलण्यातले प, म, ब केव्हाच वाहून गेले होते. "हान हाण्यात घाला, हान!" ते ओरडत, आणि पोरं मान पाण्यात घालत नसत ती नसतच. दांडीबाई तर एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने मांजर धरून उभी राही. दोन्ही हात कामात, पोहणार कशाने?

पोहायच्या कपड्यांना खिसे नसतात, हा विचार मावशींनी केलाच नव्हता. पोरांनी गोटे टोपीत कोंबले. रांगेने टेंगळं आलेली डोकी पाहून शिट्टीसरांनी सगळे गोटे काठावर मांडायला लावले.

त्याच दिवशी मुद्देसाहेब कपाटवाल्याला घेऊन आले. बॅचचे दिवस संपत आले होते आणि अजून एकही विजार चुकली नव्हती, पण माप घेऊन ठेवायला काय हरकत, असा मुद्दा क्रमांक एक होता. कपाटवाला भेटेल त्या भिंतीवर टकटक करून मान हलवे. मापाच्या फितीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते मावशींनाच धरावं लागलं. स्वतःच्या खिडकीची रुंदी त्यांनी अशी छातीवर दगड ठेवून मोजून दिली.

तेवढ्यात तलावावर पाय मारायचा सराव सुरू झाला. काठ धरून सगळ्या बॅचने एकदम असे पाय झाडले, की लाट काठावर चढली आणि परतताना गोट्यांची अख्खी रांग घेऊन गेली. डुबुक, डुबुक, डुबुक. मग उथळ पाण्यात तळापासून रंगांचे धागे वर यायला लागले. तांबडा, हिरवा, पिवळा.

"मावशी, माझी मगर विरघळतेय," विजारवाला म्हणाला.

मावशींनी फीत सोडली. ती सर्रकन परत गेली आणि कपाटवाल्याच्या बोटांवर बसली. मावशी काठाकडे धावल्या. टोकनं पुसली गेली, तर आज मुद्देसाहेबांच्या डोळ्यांदेखत सगळ्या विजारींचा काला होणार होता. "अरे बघताय काय, उचला! रंग चाललाय!"

आणि ज्यांनी आजवर नाकाला पाणी लागू दिलं नव्हतं, ती सगळी डोकी एकदम पाण्याखाली गेली.

वर राहिली फक्त दांडीबाई. मांजर तिच्या पायांपाशीच पडली होती. मिशा केव्हाच गेल्या होत्या, आता कान निघाले होते.

"मावशी, तू काढ ना."

मावशींनी पाण्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी त्यांना पिशव्या आठवत. "मला नाही गं येत," त्या म्हणाल्या. "मला पण भीती वाटते."

दांडीबाईला हे पटलं नाही. मोठ्या माणसाला कसली भीती?

"खरंच वाटते. आपण असं करू. मी पायऱ्या उतरते, तू दांडी सोड."

मावशी चपला काढून कठडा धरून उतरल्या. घोटे गेले, पोटऱ्या गेल्या, गुडघे गेले. गार पाण्याने त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. दांडीबाईला खुदकन हसू आलं, आणि हसता हसता तिने दांडी सोडली. नाक धरलं. गेली.

आली ती ठसकत, खोकत, मूठ उंच धरून. मुठीतल्या गोट्यावर मांजरीचा एक डोळा तेवढा शिल्लक होता.

शिट्टीसरांच्या तोंडातली शिट्टी गळून छातीवर लोंबत होती. "पोरगी पाण्यात गेली," ते म्हणाले. सरांचा 'प' बॅचने पहिल्यांदाच ऐकला.

"मुद्दा क्रमांक एक," मागून आवाज आला, "आता पिशव्या कशा देणार?"

मावशी निथळत खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. समोर पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात जवळजवळ कोरा गोटा. मुद्देसाहेब एका बाजूला, बोटं चोखत कपाटवाला दुसऱ्या बाजूला. मावशींना तळघरातल्या यंत्राची घरघर ऐकू यायला लागली.

दांडीबाईने टाचा उंचावून फळीकडे बोट केलं. "ती माझी शेपूट."

मावशींनी शेपटीपाशी ठेवलेली पिशवी दिली. बरोबर होती. मग मगरीचा मागचा भाग, राक्षसाचे पाय, अर्धी रात्र. ज्याने जे रंगवलं होतं ते त्याने लांबूनच ओळखलं. हातातल्या गोट्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. विजारवाल्याने पिशवी उघडून विजार आपलीच आहे हे सर्वांना फडकावून दाखवलं. पोरांच्या हातात गोटे द्यायची मुळात गरजच नव्हती, हे मावशींच्या तेव्हा लक्षात आलं. पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

 मग मुद्देसाहेबांनी कपाटवाल्याला समोरची भिंत टकटक करून बघायला सांगितली. मोठ्या माणसांसाठी कपाटं तिथे, पोरांसाठी खिडकी.

खिडकी राहिली. मागचे अर्धे फळीवर राहिले. पुढचे अर्धे पोरांनी नव्याने रंगवले, पंपदादाने त्यांच्यावर न विरघळणाऱ्या वॉर्निशचे दोन हात मारले आणि आपण ते मारल्याचं फाटकापर्यंत ऐकवलं. शिट्टीसर रोज ते मुठीमुठीने तलावात फेकू लागले. मांजर आणायला सगळ्यात आधी कोण बुडी मारत होतं ते सांगायला नको.

समोर कपाटं लागली. थोड्याच दिवसांत एका सकाळी मुद्देसाहेब टॉवेल गुंडाळून खिडकीशी आले. इकडेतिकडे पाहून घेतलं. त्यांची किल्ली तलावात पडली होती आणि दुसरी मिळेपर्यंत घड्याळ नि चष्मा कुठे ठेवायचा, हा मुद्दा क्रमांक एक होता.

मावशींनी त्यांच्यापुढे एक गोटा, रंग आणि काडी सरकवली.

"मला चित्र येत नाही," मुद्देसाहेब म्हणाले.

"इथे कुणाला येतंय? गोटा काय म्हणतो ते बघा."

गोटा लांबट होता. मुद्देसाहेबांनी जीभ दातात धरून निळा मासा काढला. पांढरा ठिपका दिला, काळा दिला आणि मावशी तोंड उघडेपर्यंत जोरात फुंकर मारली. डोळा पार शेपटीपर्यंत पसरला.

मुद्देसाहेब माशाकडे बघत राहिले, मासा त्यांच्याकडे बघू शकत नव्हता.

"मुद्दा क्रमांक दोन," ते म्हणाले. "फुंकायचं नसतं हे आधी सांगायला हवं होतं."

"चुकलंच माझं. वाळेपर्यंत बसा आता," मावशी म्हणाल्या, आणि खिडकीवर कोपर टेकून त्यांनी विचारलं, "सासूबाईंचा गुडघा काय म्हणतो?"