येळवशीची तारीख

औरादजवळच्या आमच्या गावात, सरकारी दवाखान्यात एक सिस्टर आहे. सगळे तिला अक्का म्हणतात. गरोदर बाई आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "मागची पाळी कधी आलती?"

बायका सांगतात, "येळवशीला." शेतात बसून भज्जी-आंबील खाल्लेला तो मार्गशीर्षातल्या अवसेचा दिवस तेवढा सगळ्यांच्या लक्षात असतो. अक्का बोटांवर हिशोब करते आणि कार्डावर तारीख टाकते. त्यामुळं तिच्या रजिस्टरात अर्धं गाव कोजागिरीलाच बाळंत होणार असतं.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, त्यामुळं मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, तारीख अंदाजाची असते. दोन आठवडे मागंपुढं होतंच."

"बीएस्सीत बाळंतपण शिकवत्यात व्हय, अण्णा?"

माझ्या बायकोच्या कार्डावरही कोजागिरीच होती. तिला घेऊन गेलो तेव्हा कोजागिरीला अठरा दिवस होते.

"कामून आलाव? कार्ड बघा की."

"कळा यायल्यात, अक्का."

"कार्डावर न्हाईत."

असं म्हणतच तिनं बायकोच्या पोटावर हात ठेवला. दुसऱ्या क्षणी कार्ड माझ्या हातात कोंबलं, मला बाहेर ढकललं आणि दार लावलं. तासाभरात पोरगी रडली. चांगली भरल्या अंगाची, पुऱ्या दिवसांची.

अक्का घाम पुसत बाहेर आली. वाटलं, आता तरी कबूल करेल. तिनं कार्ड मागून घेतलं, पाळीची तारीख खोडली आणि अठरा दिवस आधीची टाकली.

"माझा हिशोब बरोबरच हाय, अण्णा. येळवसच लवकर आलती."