टाळीच्या पुढचं गाणं

बाबांना अग्नी मी दिला, त्यामुळे पुढचे तेरा दिवस मला हॉलच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसून काढायचे होते. आमच्याकडे तशी रीत आहे. अग्नी देणाऱ्याने दहाव्याचे विधी सोडले तर उंबऱ्याबाहेर पडायचं नाही, दाढी करायची नाही, कुणाला शिवायचं नाही. ताट आणि तांब्या वेगळा. मी महाप्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो; तिथे साहेबांनी फोनवर "घाई नको" म्हटलं होतं. घाई कशाची करायची तेच मला कळत नव्हतं.

नव्वदीच्या मधली वर्षं होती. वाशीतलं आमचं घर सोडतीत लागलेलं, हॉल आणि दोन लहान खोल्या. घोंगडीवर बसलं की खिडकीतून समोरच्या इमारतीतलं एक स्वयंपाकघर दिसायचं आणि दुसरं काहीच नाही. त्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या होतात ते मला चौथ्या दिवसापर्यंत पाठ झालं. भेटायला येणारे खुर्चीवर बसत, माझ्याकडे वरून बघत आणि हळू आवाजात बोलत. सोसायटीचे सेक्रेटरी तर रोज यायचे. "टेन्शन घेऊ नका," म्हणायचे आणि पंख्याखाली अर्धा तास बसायचे. मला उठून आत जायची सोय नव्हती.

टीव्हीवर आईने चादर टाकली होती. रेकॉर्ड प्लेयर शोकेसच्या खालच्या कप्प्यात होता, माझ्यापासून चार पावलांवर. त्याच्याशेजारी उभी ठेवलेली, कडा झिजलेली ती रेकॉर्ड मला बसल्या जागेवरून दिसायची.

त्या रेकॉर्डबद्दल आधी सांगायला हवं. लग्नाआधी बाबा काही वर्षं मालवाहू जहाजावर भांडारातले कारकून होते. अमेरिकेतल्या एका बंदरात त्यांचं जहाज आठवडाभर अडकलं, तेव्हा त्यांनी तिथल्या एका क्लबात एका काळ्या गायिकेचं जॅझ ऐकलं, आणि नेमकं त्या रात्रीचं गाणं ध्वनिमुद्रित होऊन पुढे त्याची रेकॉर्ड निघाली, असं ते सांगत. दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात एक जागा आहे. पियानो थांबतो, ड्रमवाला थांबतो, बाई शेवटच्या ओळीच्या आधी गप्प होते. त्या शांततेत एक टाळी वाजते. एकच. मग दोन-चार लोक हसतात.

"तो गाढव मीच," बाबा म्हणायचे.

नवीन पाहुणा आला की हे ठरलेलं. बाबा सुई बरोबर जागेवर ठेवत, एक बोट वर करत. "थांबा हं... थांबा... आता!" टाळी वाजली की सगळे बाबांकडे बघून हसत. "अहो, आपल्याकडे तान समेवर आली की हात आपोआप वर जातो. मला काय माहीत, बाईचं गाणं अजून बाकी आहे!" एवढं झालं की लगेच आई आतून म्हणायची, "पुरे झालं त्यांचं कौतुक, पोहे निवताहेत." बाबा सुई उचलून ठेवत. टाळीच्या पुढे ती रेकॉर्ड आमच्या घरात कधी गेलीच नाही. टाळीपर्यंतचा भाग झिजून खरखरायला लागला होता.

बाबा गेले त्या दिवसापासून मला ती टाळी ऐकायची होती. फोटो होता, चष्मा होता, पण त्यांच्या शरीरातून निघालेली, अजून वाजवता येण्यासारखी तीच एक गोष्ट उरली होती. आणि तेरा दिवस घरात सूर काढायचा नव्हता. मी आईला एकदा विचारलं, हळू आवाजात लावली तर? तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "तेराव्याला लावू. सगळ्यांसमोर."

बाबांचे धाकटे भाऊ, माझे काका, रत्नागिरीहून आले होते. त्यांना माझं नुसतं बसणं बघवेना. सातव्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं आणि न शिवता माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. "दादाची पत्रं. जहाजावरनं मला यायची. वाच, वेळ जाईल."

बाबांचं तरुणपणीचं अक्षर मी पहिल्यांदा बघत होतो. आखूड, उतावळं. तिसऱ्या की चौथ्या पत्रात ते बंदर आलं. बाबांनी लिहिलं होतं की आठ दिवस तापाने फणफणलो आहे, जहाजाच्या गोल खिडकीतून एक क्रेन दिसते तेवढीच अमेरिका. एका गाणाऱ्या बाईचं तिकीट काढलं होतं, ते उरणच्या सोबत्याला दिलं. तो परत आला तो हसत. गाणं संपलं समजून त्याने मध्येच टाळी वाजवली आणि सगळा क्लब त्याच्याकडे बघायला लागला. 'मी असतो तर मीही वाजवली असती,' असं बाबांनी खाली लिहिलं होतं.

मी पत्र घडी करून ठेवलं. पुन्हा उघडलं. सेक्रेटरी तेव्हा समोर बसलेले होते आणि पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते. मी मान डोलावत राहिलो. मला तिथून उठून कुठेतरी चालत जायचं होतं, खाडीपर्यंत, कुठेही. घोंगडी चार फूट लांब होती.

त्या रात्री काका माझ्यापासून थोडं अंतर ठेवून चटईवर आडवे झाले होते. मी विचारलं, "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"पत्र मलाच आलं होतं ना रे."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? छान सांगायचा तो. त्या उरणवाल्याला तरी एवढं जमलं असतं का?"

"मग आता मला का दिलंत?"

"त्यात ते आहे हे मी विसरलो होतो बघ," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. ते खरं बोलत होते का, मला आजही सांगता येत नाही.

उरलेले दिवस मी एकच हिशेब करत बसलो. आईला सांगायचं की नाही? ती पाहुण्यांना पाणी देताना, दिव्यात तेल घालताना मधूनच माझ्याकडे बघून म्हणायची, "तेराव्याला लावू हं." जणू त्या दिवशी बाबा थोडा वेळ येऊन जाणार होते.

तेराव्याचं गोड जेवण झालं. मी दाढी केली, घोंगडी गुंडाळली गेली. वीस-बावीस माणसं हॉलमध्ये दाटीने बसली होती. आई म्हणाली, "लाव." मी सुई ठेवली. कुणी बोट वर केलं नाही, तरी सगळे थांबले. टाळी वाजली. आईने पदर डोळ्यांना लावला. काका खिडकीबाहेर बघत होते.

सुई उचलायला मी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. मला ती टाळी आता बाबांची म्हणून हातात घेता येत नव्हती, आणि गाणं मात्र पुढे चालू झालं होतं.

ती बाई हसली होती. खरोखरचं नाही, गळ्यातल्या गळ्यात, स्वर न सोडता. सोडलेली ओळ तिने पुन्हा घेतली, पण आधीपेक्षा सावकाश, ठेक्याच्या इतकी मागे राहून की आता ती चुकणार असं वाटावं. पियानोवाला तिच्यासाठी थांबला. मागचं मोठं तंतुवाद्य एकटंच, जड पावलांनी चालत राहिलं. मग तिचे शब्द संपले आणि तिने तराण्यासारखे नुसते बोल घेतले, आणि त्या बोलांत मध्ये एकदा ती टाळी तिने स्वतःच्या तोंडाने वाजवली: एक कोरडा, तुटका आवाज. क्लबातले लोक या वेळी मोकळेपणाने हसले. कुणाचे तरी ग्लास किणकिणले. चुकीच्या जागी हात वर गेलेल्या त्या माणसाला तिने आपल्या गाण्यात जागा करून दिली होती. हे आमच्या घरात तीस वर्षं होतं आणि आम्ही कुणी ऐकलं नव्हतं.

"अजून आहे होय?" मामी कुजबुजली. बरेचजण सुपारी घ्यायला उठले. गाणं संपलं तेव्हा खऱ्या टाळ्या वाजल्या, खूप, आणि त्यांत कुणाचीच वेगळी ओळखता येत नव्हती.

दोन दिवसांनी तळोज्याहून बाबांचे एक जुने ओळखीचे आले. त्यांना उशिरा कळलं होतं. आईने त्यांना ती गोष्ट सांगितली, बंदर, क्लब, टाळी, सगळं, पण तिला बाबांसारखं सांगता येईना. मध्येच अडकली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग रे. कसं म्हणायचे ते?"

पत्र माझ्या खिशातच होतं. पाहुणे माझ्याकडे बघत होते. आईचा चेहरा असा झाला होता की पुढचा शब्द मी दिला नाही तर ती तिथेच बसून राहील.

"तो गाढव मीच, असं म्हणायचे," मी म्हणालो.

पाहुणे हसले. आई हसली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आणि मग मी बाकीचं सगळं सांगितलं, बाबांपेक्षा जरा सरसच.