येतो म्हणायचं नाही

मेजर रविकांत कुलकर्णींच्या काळ्या लॅब्राडॉर कुत्रीचं नाव ब्रँडी होतं, आणि रखमाजी साळव्यांच्या बायकोला, भिमाबाईंना, ते नाव तोंडात घ्यायचं नव्हतं. “दारात उभी राहून ब्रँडी, ब्रँडी वरडू व्हय? गल्लीला वाटंल म्हातारीला तलफ आली.” म्हणून त्या तिला बंडी म्हणायच्या. कुत्री दोन्ही हाकांना यायची. ज्याला दोन नावं त्याला दोन घरं, आणि दोन घरी भाकरी, एवढं तिला कळत होतं.

रखमाजींचा जन्म लष्कराच्या सावलीत गेला. भिंगारच्या छावणीतल्या एका भांडारात ब्लँकेटं, बूट, तंबूचे खुंटे आत घ्यायचे आणि बाहेर द्यायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले. रिकामे हात फार जड असतात. मग ते मेजरसाहेबांच्या बागेला पाणी घालायला जाऊ लागले. साहेबांचे गुडघे धरले, तशी बागेमागोमाग कुत्रीही त्यांच्याकडे आली. सकाळी बंगल्यात, दुपारनंतर साळव्यांच्या ओट्यावर.

ब्रँडी जातीची शिकारी. पडलेलं बदक तोंडात धरून आणायचं, ही तिच्या रक्तातली नोकरी. पण शिकार कायद्यानं कधीच बंद झालेली, आणि बदकं निवांत. तरी अशा कुत्र्यांची परीक्षा घेणारी हौशी मंडळी असतात. यंदा ती मिरजगावजवळच्या एका पाझर तलावावर जमणार होती. तिथं बदकाऐवजी कापडाची गच्च गुंडाळी फेकतात, बंदुकीऐवजी फटाका वाजवतात. कुत्र्यानं गुंडाळी गवतातून, पाण्यातून शोधून, दात न रुतवता हातात आणून द्यायची.

मेजरसाहेब पुण्याला मुलीकडे, नीलांबरीकडे, कायमचे निघाले होते. फ्लॅट बाराव्या मजल्यावर.

“रखमाजी,” ते म्हणाले, “ही पास झाली तर कामाची कुत्री. कामाच्या कुत्रीला लिफ्टमधून फिरवणं मला जमणार नाही. ती तुमच्याकडे राहील. नापास झाली तर सोफ्यावर लोळणारी. मग माझ्याबरोबर येईल. मीही तिथं तेच करणार आहे.”

“बघू साहेब,” रखमाजी म्हणाले, आणि पाण्याची नळी त्यांनी त्याच कुंडीत पुन्हा धरली.

दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या पडीक रानात शिकवणी सुरू झाली. रखमाजींनी जुन्या ब्लँकेटची गुंडाळी शिवली, तिला कोंबडीची पिसं बांधली. ब्रँडी ती कुठूनही हुडकून आणायची. सराव म्हणून गल्लीतूनही बरंच काही आणायची: ओला टॉवेल, कुणाची एक चप्पल, एकदा आख्खं अंडं. कशालाही दात लागलेला नसायचा.

“चोर हाय, पन सभ्य हाय,” भिमाबाई म्हणाल्या, आणि अंडं शेजारी परत देऊन आल्या.

अडलं ते एकाच ठिकाणी. परीक्षेत कुत्र्याला बसवून माणसानं दिसेनासं व्हायचं असतं, आणि कुत्र्यानं जागचं हलायचं नसतं. ‘बस’ म्हटलं की ब्रँडी बसायची. फटाका वाजला तरी बसलेली राहायची. पण रखमाजी बाभळीकडे निघाले की उठून मागोमाग. रागावले, चुचकारलं, उपयोग शून्य.

शेवटी मेजरसाहेब घडीची खुर्ची घेऊन रानात येऊन बसले.

“निघताना तिला काय म्हणता?”

“बस म्हनतो.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर काय न्हाई. येतो म्हनतो.”

मेजर मनसोक्त हसले. “अहो, ‘ये’ म्हटलं की यायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? ती ‘ये’ ऐकते. पुढच्या ‘तो’शी तिला काय करायचंय?”

मग न बोलता निघून बघितलं. ते रखमाजींना जमेना. कुणाला बसवून, पाठ फिरवून मुक्यानं चालू लागायचं, याला त्यांचे पाय तयार होईनात. चार पावलांवर तोंडातून ‘येतो’ निसटायचंच. ‘ये’ऐवजी शिट्टी वाजवून बोलवायचं ठरवलं, तर पहिल्याच फुंकरीला कवळी हातात आली.

“मग जातो म्हणा,” मेजर म्हणाले.

रात्री जेवताना रखमाजींनी ते घरात सांगितलं. भिमाबाईंचा हात परातीत थांबला. “तसं म्हनायचं न्हाई. सासूबाईंनी कुनाला म्हनू दिलं न्हाई. जायचं म्हंजी कुटं जायचं?”

“अगं, बाभळीमागं.”

“बाभळीमागं जानारं मानूस बी येतोच म्हनतं.”

परीक्षेच्या दिवशी भिमाबाई डबा घेऊन मेजरसाहेबांच्या गाडीत बसल्या. तलावावर ऊन कोवळं होतं. ब्रँडीनं पाण्यातली गुंडाळी आणली, गवतातली आणली, हातात दिली. परीक्षक बाईंनी गुंडाळी उलटसुलट करून पाहिली आणि मान डोलावली. मग त्यांनी दगडांच्या ढिगाकडे बोट केलं.

“बस,” रखमाजी म्हणाले. एक पाऊल टाकलं, थांबले, वळले. वाकून कुत्रीच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले.

ढिगामागून कुत्री दिसत नव्हती, तलाव दिसत नव्हता, बायको दिसत नव्हती. समोर नुसतं नांगरलेलं रान. गेल्यावर असंच दिसत असेल, असं त्यांना वाटून गेलं. तेवढ्यात चिलट नाकात गेलं आणि विचार शिंकेसरशी मोडला. त्यांना परत बोलावलं तेव्हा ब्रँडी बसलेलीच होती. शेपूट तेवढी धुळीत पंखा काढत होती.

पास.

“कानात काय म्हनला?” परतताना भिमाबाईंनी विचारलं.

“काय न्हाई.”

“जातो म्हनला.”

“हळू म्हनलो.”

भिंगार येईपर्यंत भिमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या रविवारी सामान भरलेली गाडी साळव्यांच्या दारात थांबली. मेजरसाहेब उतरले, चहा झाला. नीलांबरी गाडी चालू करून बसली.

“बरं रखमाजी, भिमाबाई. येतो.”

ब्रँडी उठली, ओट्यावरून उतरली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. नीलांबरी हसली. रखमाजींनी कुत्रीला उतरवून आणलं, बसवलं. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि सवयीनं पुन्हा तेच म्हणाले. पुन्हा ती गाडीत. या वेळी कुणी हसलं नाही. तिचा पट्टा धरून ठेवता आला असता. रखमाजी हातातल्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले.

“साहेब,” भिमाबाई म्हणाल्या, “तसं नका म्हनू. दुसरं म्हना.”

“तुम्हाला चालेल?”

“बंडीपुरतं.”

कुत्रीला पुन्हा उतरवून ओट्यापाशी बसवलं. मेजरसाहेब गुडघ्यांनी वाकू दिलं तेवढे वाकले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ब्रँडी हलली नाही.

गाडी कोपऱ्यावर वळली. “या,” भिमाबाई तिकडे बघत म्हणाल्या. एवढ्या मानानं कुत्रीला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. तरी ती उठली आणि त्यांच्या पायाशी येऊन बसली.