भामाची जागा

सुकापूरचे कमळाकर घरत लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो काढतात, तेही उघड्यावरच. पाऊस सरला आणि शिरढोणच्या शेतांत भात पिवळं पडू लागलं की त्यांचा हंगाम सुरू. जोडपी टॉवरात राहणारी, पण फोटोत त्यांना बांध हवा, भात हवं आणि संध्याकाळचं सोनेरी ऊन हवं. कमळाकर जुन्या वळणाचे. सूर्य आपल्या पाठीशी, ऊन समोरच्याच्या तोंडावर, यात तडजोड नाही.

जोडपी कधी वेळेवर येत नाहीत, आणि ऊन काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून ते बायकोला, भामाला, सोबत न्यायचे. नवरी जिथे उभी राहणार तिथे भामा उभी राहायची आणि उजेड जमेपर्यंत कमळाकर तिचे दहा-पंधरा फोटो काढायचे. "डोळे बारीक करू नको गं," हे दरवेळी ठरलेलं. ती "बरं" म्हणायची. जोडपं आलं की कार्डात जागा हवी म्हणून ते फोटो पुसायचे. अठरा वर्षं असंच चाललं.

वैशाखात भामा गेली. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावाने पान वाढलं, तेव्हा मांडायला फोटो होता तो आधार कार्डावरून मोठा केलेला. त्यात ती भलतीच कुणी बाई दिसत होती. मोठी वहिनी हौसा म्हणाली, "फोटूवाल्याच्या घरान बायकोचा एक धड फोटू नाय?" कमळाकरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सगळी जुनी कार्डं, सीड्या धुंडाळल्या. शेकडो नवऱ्या निघाल्या, सगळ्या त्याच बांधावर उभ्या. भामा एकाही फोटोत नव्हती.

दसरा झाला आणि पहिलं काम आलं. आभा आणि सत्यजीत, नवीन पनवेलचे. "काका, मेकअप चाललाय, अर्धा तास लागेल," असा फोन. बांधावर कमळाकर एकटेच. उजेड तर बघायलाच हवा. त्यांनी कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दिला आणि लगबगीने जाऊन भामाच्या जागेवर उभे राहिले.

ऊन थेट डोळ्यांत घुसलं, पाणी आलं. समोरचा कॅमेराही धड दिसेना. म्हणजे अठरा वर्षं भामाला आपण दिसतच नसणार, नुसते हुकूम तेवढे ऐकू येत असणार.

परत येऊन त्यांनी फोटो पाहिला. डोळे बारीक, कपाळाला आठ्या, ओठ आवळलेले. हेच तोंड ते दर संध्याकाळी पुसत आले होते. तिने एकदा तरी सांगायचं, असा त्यांना आधी रागच आला. मग वाटलं, आपण तरी कधी विचारलं? आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ते बांधावर बसून पोटभर रडले.

जोडपं आलं. आभा जागेवर उभी राहिली आणि तिने डोळे बारीक केले. कमळाकरांनी स्टँड उचलला आणि बांधाला वळसा घालून पलीकडे नेऊन लावला.

"ताई, आता इकडं तोंड करा."

"का हो काका? तिकडून ऊन छान येत होतं."

"डोळ्यांना तरास होतो," ते म्हणाले. "आमाला ठाऊक नवतं."